बसण्याचा अधिकार

उपासना कशी करावी? उभं राहून, आडवं पडून की बसून? ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात हा प्रश्न येतो आणि बादरायण उत्तर देतात: बसून, कारण तशीच ती शक्य होते. शंकराचार्यांनी भाष्यात दिलेलं कारण कुणालाही पटावं इतकं व्यवहारी आहे. चालणाऱ्या-धावणाऱ्याचं चित्त विखुरतं. उभ्या माणसाचं मन देह तोलून धरण्यात गुंतलेलं असतं, बारीक गोष्ट न्याहाळायला ते मोकळं उरत नाही. आडव्या झालेल्याला झोप गाठते. बसलेल्याला यातलं काहीच आड येत नाही.

आता बालवाडीतली तीन वर्षांची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडलेला आहे. इतर मुलांबरोबर चटईवर तिला बसवलं आहे. पाय समोर ताठ झाले आहेत, पाठीला पोक आलं आहे आणि दोन्ही तळहात जमिनीवर रोवलेले आहेत. एक हात उचलला तर ती कोसळेल. बाई हत्तीचं चित्र दाखवतात, बाकीची मुलं बोट दाखवून ओरडतात. ती बोट दाखवत नाही, कारण बोट दाखवायला हात मोकळा नाही. ती चित्राकडे नीट पाहतही नाही, कारण मान वर केली की धड मागे जातं. तिचं सगळं लक्ष न पडण्यात खर्च होत असतं. शंकराचार्यांनी उभ्या माणसाबद्दल जे लिहिलं, ते या बसलेल्या मुलीला शब्दशः लागू पडतं.

वर्गाच्या नोंदवहीत मात्र शेरा वेगळाच पडतो. मुलगी प्रतिसाद देत नाही. तिला समजत नसावं.

हा शेरा शैक्षणिक वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक तात्त्विक चूक आहे आणि ती फार जुनी आहे. माणूस काय करू शकतो हे आधी मोजायचं आणि मग त्याला कुठे बसू द्यायचं ते ठरवायचं, असा तो क्रम आहे. शरीरानं अपंग असलेल्या लहान मुलांच्या बाबतीत हा क्रम उलटा लावावा लागतो. आधी आसन द्यायचं, मग क्षमता मोजायची. आसनाआधी घेतलेलं माप मुलाचं नसतंच. ते त्याच्या धडपडीचं असतं.

थेरपिस्ट मंडळी बसवण्याचं काम सुरू करतात ते कंबरेपासून. कंबरेचं हाड मागे कलंडलं की पाठ वाकते, खांदे पुढे येतात, हनुवटी एकतर छातीवर टेकते नाहीतर तोल सावरायला वर फेकली जाते. म्हणून पहिली खटपट असते ती बैठकीच्या दोन्ही हाडांवर वजन सारखं पडावं याची. पट्टा लागतो तो पोटावर नाही, मांड्यांच्या मुळाशी, कंबर खाली आणि मागे धरून ठेवील असा तिरका. पोटावर बांधलेला पट्टा मूल घसरलं की बरगड्यांवर चढतो. मग येते बैठकीची लांबी. गुडघ्यामागची खोबण आणि बैठकीची कड यांत दोन बोटांची जागा हवी. बैठक त्याहून लांब असली की मूल पाठ टेकवण्यासाठी मागे जाऊच शकत नाही, पुढे घसरत राहतं आणि पालक समजतात की त्याला खुर्ची आवडत नाही. तळपाय फळीवर पूर्ण टेकलेले हवेत. समोरचा ट्रे कोपरांच्या उंचीला, म्हणजे हात त्यावर विसावतात आणि खांद्यांना आराम पडतो. धड कलत असेल तर बगलेखाली दोन्ही बाजूंना गाद्या. मान धरवत नसेल तर डोक्यामागे आधार, पण डोकं मागे पडेल असा कधीच नाही, विशेषतः भरवताना. मागे पडलेल्या डोक्यानं घास गिळायला गेलं तर तो श्वासनलिकेत जाण्याचं भय असतं.

एवढं जमलं की अनेकदा घरच्यांना दिसतो तो बदल अगदी साधा असतो. मुलाचा हात मोकळा होतो. ते वाटीकडे हात नेतं. समोरच्याच्या तोंडाकडे पाहतं.

सगळ्याच मुलांना इतका आधार लागत नाही. १९९७ मध्ये कॅनडात रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींची पाच पातळ्यांची वर्गवारी मांडली. पहिल्या पातळीचं मूल चालतं, धावतं. पाचव्या पातळीच्या मुलाला मान आणि धड सावरणंही कठीण असतं. चौथ्या-पाचव्या पातळीच्या मुलांसाठी विचारपूर्वक केलेलं आसन ही रोजची गरज असते. इंग्लंडच्या ससेक्समधल्या चेली हेरिटेज या जुन्या संस्थेत तर बसण्याच्याच पायऱ्या बारकाईनं लावल्या गेल्या: बसवल्यावरही टिकत नाही, बसवलं तर टिकतं पण हलता येत नाही, हलता येतं आणि परत मध्यावर येता येतं, अशा क्रमानं. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी खुर्ची निवडताना वयापेक्षा ही पायरी जास्त उपयोगी पडते. हलून परत मध्यावर येणाऱ्या मुलाला चारी बाजूंनी जखडलं तर त्याला येत असलेलं कौशल्यच मारलं जातं. अजिबात न टिकणाऱ्या मुलाला ‘सवय होईल’ म्हणून उघड्या स्टुलावर बसवलं तर त्याच्या वाट्याला फक्त भीती येते.

क्षमता आधी की आसन आधी, हा वाद आपल्या शास्त्रांना नवा नाही. जैमिनींच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय यज्ञाचा अधिकार कुणाला याच प्रश्नाला वाहिलेला आहे आणि तिथे अंगहीनाची चर्चा येते. निष्कर्ष कठोर आहे. वैगुण्य दूर होण्यासारखं असेल तर ते दूर झाल्यावर अधिकार मिळतो. जन्मभराचं असेल तर जी कर्मं पूर्ण करता येत नाहीत त्यांचा अधिकार नाही. अंध माणूस तुपात पाहण्याचा विधी कसा करणार, पांगळा विष्णुक्रमाची पावलं कशी टाकणार, असा तो युक्तिवाद. मीमांसकांच्या चौकटीत तो तर्कशुद्ध आहे, कारण तिथे कर्म अढळ आहे आणि माणसानं त्याच्या मापाचं व्हायचं आहे. आपल्या शाळांनी ही चौकट नकळत उचलली. नीट बसता येऊ लागलं की आणा, असं जेव्हा एखाद्या आईला सांगितलं जातं, तेव्हा वर्ग अढळ धरलेला असतो आणि दुरुस्त व्हायचं ते मुलानं.

ब्रह्मसूत्रांचा सूर वेगळा आहे. बसण्याची चर्चा संपताच पुढच्याच सूत्रात दिशा, जागा, वेळ यांचा प्रश्न येतो आणि उत्तर मिळतं की जिथे चित्त एकाग्र होईल तिथे करावी, त्याचे वेगळे नियम नाहीत. म्हणजे बसणं सांगितलं तेही एकाग्रतेसाठी. आसनाला स्वतःचं असं पावित्र्य नाही, त्याचं मोल ते काय शक्य करतं यावर आहे. वारकऱ्यांनी तर गोष्ट आणखी पुढे नेली. पैठणचा कूर्मदास हातापायांविना जन्मलेला. पंढरीचा महिमा ऐकून तो लोळत निघाला आणि माढ्याजवळच्या लऊळला येऊन त्याचं बळ सरलं. विठ्ठल ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन त्याला भेटायला निघाला, वाटेत अरणला सावता माळ्याकडे थांबला, अशी कथा महिपतींनी सांगितली आहे. लऊळला आजही कूर्मदासाची समाधी आहे. ही कथा सहसा भक्ताच्या निष्ठेची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात देव जागचा हलतो, ही गोष्टही तितकीच मोठी आहे. कूर्मदासाला हातपाय फुटले, असं कथेत कुठेही नाही. उरलेलं अंतर देवानं तोडलं.

घरात मात्र खुर्ची येते तेव्हा पहिली भावना बऱ्याचदा हार मानल्याची असते. खुर्ची आणली म्हणजे चालण्याची आशा सोडली, असं आजीला वाटतं. सवय लागेल, अंग जड होईल, असं शेजारी सांगतात. कडेवर घेतलेलं मूल लोकांच्या नजरेत ‘लहान’ असतं, पट्टे लावलेल्या खुर्चीतलं मूल ‘अपंग’ दिसतं. आई-वडिलांच्या या दुःखाला कुणी हलकं लेखू नये. पण भीतीतलं शारीरिक अनुमान तपासून घ्यावं लागतं. चांगला आधार मुलाला निष्क्रिय करण्यासाठी नसतोच. कंबर स्थिर झाली की धड, मान आणि हात यांना काम करायची संधी मिळते, आणि उभं राहण्याचा, जमिनीवर लोळण्या-रांगण्याचा सराव दिवसाच्या दुसऱ्या वेळी चालूच राहतो. आसन हा दिवसातला काही काळ आहे. तासन्‌तास एकाच स्थितीत ठेवलेलं कुठलंही मूल आखडतं, मग खुर्ची कितीही महागाची असो.

आधार घेणं कमीपणाचं, ही कल्पना योगशास्त्रात शोधायला जावी तर सापडत नाही. पतंजलींनी आसनाची व्याख्या दोनच गुणांत बसवली: ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. त्या सूत्रावरच्या व्यासभाष्यात आसनांची यादी आहे. पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन अशी नावं येतात आणि लगेच ‘सोपाश्रय’ येतं, म्हणजे आधार घेऊन बसणं. वाचस्पती मिश्रांनी त्याचा खुलासा योगपट्टाच्या संदर्भात केला आहे. योगपट्ट म्हणजे बसलेल्याचं शरीर सावरून धरणारा कापडी पट्टा. हंपीला १५२८ मध्ये कृष्णदेवरायाच्या काळात घडवलेली नरसिंहाची प्रचंड मूर्ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना गुडघ्यांना वेढणारा तो पट्टा आठवेल. शबरीमलाचा अय्यप्पाही तसाच, पट्टा बांधून बसलेला. आधारासह बसणं या यादीत पद्मासनाच्या पंगतीला आहे, खालच्या पायरीवर नाही. यादी संपते ती ज्याला जसं सुखाचं होईल तसं बसण्याच्या मोकळिकीवर. देवाच्या गुडघ्यांना पट्टा असतो तेव्हा आपण हात जोडतो, आणि तान्ह्या वयाच्या मुलाच्या कंबरेला तो लागला की नजर चुकवतो. हे बदलायला हवं.

स्वावलंबन हा मराठी मध्यमवर्गाचा आवडता संस्कार. त्याचा आदर ठेवूनही एक प्रश्न विचारावा लागतो: कुणाच्याही, कशाच्याही आधारावाचून उभा असलेला माणूस कुठे आहे? अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ इव्हा फेडर किटे यांची मुलगी सेशा हिला जन्मापासून गंभीर बौद्धिक आणि शारीरिक अपंगत्व आहे. तिला वाढवता वाढवता किटे यांनी न्यायाच्या रूढ सिद्धान्तांवर बोट ठेवलं. १९९९ च्या ‘लव्हज्‌ लेबर’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की हे सिद्धान्त स्वतंत्र आणि समर्थ प्रौढांना गृहीत धरतात, तर प्रत्येक माणूस आयुष्याचा मोठा भाग कुणावर तरी विसंबून काढतो, आणि सांभाळ करणाऱ्यालाही सांभाळणारी व्यवस्था लागते. शेवटचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा. खुर्ची मुलासाठी असते तशीच ती आईच्या पाठीसाठी असते. चार वर्षांचं ताठर मूल दिवसभर मांडीवर धरून एका हातानं भरवणाऱ्या बाईच्या श्रमाची मोजदाद कुठल्याच हिशेबात होत नाही.

आणि मग तो प्रश्न, जो दवाखान्यात कुणी विचारत नाही पण देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, कधी घरातल्याच माणसाच्या तोंडून येतो. कुणाचं पाप? गेल्या जन्मीचं मुलाचं की या जन्मीचं आईचं? (बापाचं नाव क्वचितच निघतं.) प्रश्न जगभर जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य हेच विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं, आणि येशू दोन्ही नाकारतो. संयुत्त निकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वकर्माचंच फळ, असं काही श्रमण म्हणतात, ते खरं का? बुद्ध आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा बिघाड, ऋतुपालट, अयोग्य राहणी, आघात आणि आठवं कर्म. सगळ्याचा भार एकट्या कर्मावर टाकणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे जातात, असं ते म्हणतात. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या, त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा धागा आणखी ताणला. गेल्या जन्माच्या कर्मावर आजची दैन्यावस्था लादली की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून सुटतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

सेरेब्रल पाल्सीची कारणं पाहिली की बुद्धांची यादी आठवते. मूल फार लवकर जन्मतं. जन्मवेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. कावीळ वाढून मेंदूवर परिणाम होतो. मेंदूज्वर होतो. आईला गरोदरपणी संसर्ग झालेला असतो. काही वेळा कारण हातीच लागत नाही. यांतली काही कारणं वेळेवर उपचार मिळाले तर टळतात, म्हणजे जबाबदारी शोधायचीच असेल तर ती प्रसूतिगृहापर्यंतच्या रस्त्यात, रुग्णवाहिकेत, नवजात शिशूंच्या विभागात शोधावी. पण मूल तीन वर्षांचं झाल्यावर सर्वांत निकडीचा धार्मिक प्रश्न ‘हे का झालं’ हा उरत नाही. हे मूल आज, आत्ता कसं बसेल, हा उरतो. पहिल्या प्रश्नात कुटुंबाची वर्षं जातात, आणि त्या वर्षांत मुलाचे खुबे निसटतात. हे अलंकारिक नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे ३५ टक्के मुलांचा खुबा जागेवरून सरकलेला आढळला; पहिल्या पातळीत एकाही मुलाचा नाही, पाचव्या पातळीत ९० टक्के. खुर्चीनं हे थांबतं असा दावा कुणी करू नये, त्यासाठी ठरावीक काळानं क्ष-किरण तपासणी आणि अस्थिरोग तज्ज्ञाची नजर लागते. मात्र वर्षानुवर्षं एका कुशीवर कललेलं, मांड्या एका बाजूला पडलेलं बसणं कुठल्याही सांध्याला मानवत नाही.

बसणं सरळच असावं का? गीतेच्या सहाव्या अध्यायात धड, मान आणि डोकं एका रेषेत ठेवून बसायला सांगितलं आहे, आणि खुर्ची बनवणाऱ्यांचाही एक आवडता नियम आहे, कंबर, गुडघे, घोटे तिन्ही काटकोनात. सुरुवात म्हणून तो ठीक आहे. धोका तेव्हा येतो, जेव्हा सरळपणा मुलासाठी राहत नाही, पाहणाऱ्यांच्या समाधानासाठी होतो. अनुभवी थेरपिस्ट आधी मुलाला आडवं झोपवून एकेक सांधा हलवून पाहतात. जे हातानं वळवता येतं ते आसनानं सावरायचं. जे कायमचं घट्ट झालं आहे त्याला तसंच राहू देऊन त्याच्याभोवती आसन घडवायचं. ज्या मुलाचा खुबा काटकोनापर्यंत वाकतच नाही त्याला काटकोनी खुर्चीत दाबलं तर वाकते ती पाठ, आणि दुखतं ते मुलाला. या साध्या तपासणीत एक अख्खं नीतिशास्त्र आहे: काय बदलायचा प्रयत्न करायचा आणि काय स्वीकारून त्याला जागा करून द्यायची, हे दुसऱ्याच्या देहाबद्दल ठरवण्याआधी त्या देहाला हात लावून विचारायचं.

डेव्हिड वर्नर यांनी हे स्वतःच्या पायांवर भोगलं. त्यांना स्नायू क्षीण करणारा आनुवंशिक आजार आहे. लहानपणी डॉक्टरांनी दिलेल्या साधनांनी त्यांचे पाय सुधारण्याऐवजी आणखी बिघडले, कारण ते त्रास होतोय म्हणून सांगत होते आणि ऐकणारं कुणी नव्हतं. पुढे मेक्सिकोतल्या सिनालोआ प्रांतात आहोया या डोंगराळ गावी त्यांनी ‘प्रोहिमो’ या पुनर्वसन प्रकल्पाला साथ दिली. तिथे साधनं बनवणारे बहुतेक कारागीर स्वतः अपंग होते. त्या अनुभवातून १९८७ मध्ये ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ हे जाडजूड, चित्रांनी भरलेलं पुस्तक आलं. लाकडाच्या फळ्या, जुने टायर, बादल्या, पिंपं यांतून आसनं कशी करायची हे त्यात आहे, आणि पानोपानी एक आग्रह आहे की मुलाला विचारा, करून पहा, बदला. तीन वर्षांचं मूल शब्दांत सांगणार नाही. ते रडून, ताठ होऊन, किंवा अचानक हसून सांगेल. दहा मिनिटांनी पट्ट्याखालची त्वचा लाल झालेली दिसेल. ही उत्तरंच आहेत.

उंचीचा मुद्दा मराठी घरात वेगळा उभा राहतो. आपल्याकडे लहान मुलाचं जग अजूनही बरंचसं जमिनीवर आहे. जेवणाची पंगत, देवापुढची आरती, बालवाडीची चटई, भावंडांचा पत्त्यांचा डाव, सगळं खाली. सीपी चेअर (सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी) म्हणून जी खुर्ची मिळते ती मुलाला प्रौढांच्या कंबरेएवढ्या उंचीवर नेते. टेबलाशी भरवायला ती उत्तम, पण घरातली इतर मुलं खाली आणि हे एकटंच वर, असं झालं की आसन मिळूनही संगत जाते. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन आसनांचा विचार करावा, एक उंच आणि एक जमिनीलगतचं. जमिनीलगतच्या आसनात एक मेख आहे. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर पाय समोर लांब केल्याबरोबर ते कंबरेला मागे ओढतात आणि पाठीला पोक येतं. अशा मुलाला कोपऱ्यासारख्या पाठीचं बसकं आसन पाटाएवढं उचलून दिलं, गुडघे थोडे वाकू दिले, पुढ्यात छोटी चौरंगी ठेवली, तर ते भावंडांच्या ताटांच्या रांगेत बसतं. पाय मागे दोन्ही बाजूंना टाकून इंग्रजी डब्ल्यूसारखं बसण्याची खोड अशा मुलांना फार असते, कारण त्यात तोल सोपा जातो. सतत त्याच बैठकीत राहणं खुब्या-गुडघ्यांना बरं नाही, म्हणून नुसतं रागावण्याऐवजी तितकाच पक्का दुसरा आधार द्यावा लागतो.

संगतीचा हा मुद्दा भावनिक म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. कॅनडातले बालरोगतज्ज्ञ पीटर रोझेनबाउम आणि यान विलेम गोर्टर यांनी २०१२ मध्ये अपंग मुलांच्या उपचारांचे सहा निकष सुचवले: कार्य, कुटुंब, तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि भविष्य. खुर्ची घेताना हेच सहा प्रश्न विचारता येतात. ती घराच्या दारातून आत येते का, हा त्यांतला कुटुंबाचा प्रश्न आहे. तिच्यात बसून रंग उधळता येतात का, हा मजेचा.

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू केली, तेव्हा अशा मुलांना शाळेची दारं जवळजवळ बंद होती. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी आहे. मालिनी पुढे लंडनला जाऊन शिकल्या आणि एका बोटानं टाइप करत त्यांनी आत्मकथा लिहिली, ‘वन लिटल फिंगर’, २०११. एक बोट लिहू शकतं, यामागे काय काय स्थिर असावं लागतं याचा विचार करून पाहावा. कंबर, धड, खांदा, मनगट. आणि हे मूल शिकू शकेल यावर अढळ राहिलेली माणसं. कोल्हापुरात १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचं नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. ते वाचलेल्या कुणालाही खुर्ची हे पराभवाचं चिन्ह वाटणार नाही.

खुर्च्या मिळतात कुठून? केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या ‘ॲडिप’ योजनेतून, जी १९८१ पासून चालू आहे, अशी साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या ‘अलिम्को’च्या सीपी चेअर शिबिरांमधून वाटल्या जातात. रोटरी, लायन्स, देवस्थानं, उद्योगांचे निधी यांतूनही येतात. यामागची भावना खरी असते. पण दानाचं शास्त्र इथे तपशिलात पाळायला हवं. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगताना परतफेडीची अपेक्षा नसावी एवढ्यावर भागवलेलं नाही, देश, काळ आणि घेणारा पाहून द्यावं असंही सांगितलं आहे. शंभर मुलांना एकाच मापाच्या शंभर खुर्च्या दिल्या तर घेणारा पाहिला असं म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये चाकाच्या खुर्च्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही भर यावरच आहे: तपासणी, माप, जुळवणी, वापरायचं शिक्षण आणि नंतरची देखभाल मिळून सेवा होते, नुसती वस्तू देऊन नाही. सैल, खोल, उंच खुर्ची मुलाला इजा करू शकते. देणाऱ्या मंडळांनी खुर्च्या थोड्या कमी कराव्यात आणि त्या पैशात दोन थेरपिस्ट, एक सुतार आणि सहा महिन्यांनी दुसरी फेरी, एवढं जरूर बसवावं. फोटो दुसऱ्या फेरीचा काढावा.

पैशाअभावी अडून राहायचंही कारण नाही. झिंबाब्वेत बेव्हिल पॅकर यांनी टाकाऊ पुठ्ठा, रद्दी आणि पिठाची खळ यांतून मजबूत वस्तू बनवण्याचं तंत्र रुजवलं. पुठ्ठ्याचे थर खळीनं चिकटवून, दाबून, उन्हात कडक वाळवले की त्यांची खुर्ची मुलाचं वजन सहज पेलते. त्या एका मुलाच्या मापानं ती घडते. मूल वाढलं की दुसरी करता येते. आपल्याकडे खळ आणि रद्दी कुठल्या गावात नाही?

कायद्यात अजून एक फट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ठरावीक प्रमाणाचं अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आसनाची गरज मात्र पहिल्या वर्षापासून असते, जेव्हा हाडं अजून मऊ असतात आणि भाषा उमलत असते. या वयाची मुलं अंगणवाडीच्या कक्षेत येतात. महिला व बालविकास मंत्रालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला, त्यात अशी मुलं लवकर हेरणं आणि त्यांना अंगणवाडीत सामावून घेणं अपेक्षित आहे. सेविकेला हे काम सांगताना तिच्या हाती काय द्यायचं, हे जिल्हा पातळीवर ठरायला हवं. एक मोजपट्टी, वेगवेगळ्या जाडीचे फोमचे तुकडे, दोन रुंद पट्टे, खालीवर करता येणारी एक चौरंगी, आणि महिन्यातून एकदा केंद्रावर येणारा थेरपिस्ट. त्या थेरपिस्टनं पहिल्या भेटीत प्रत्येक मुलाची पाच मापं भिंतीवरच्या तक्त्यावर लिहावीत: कंबरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची, बगलेपर्यंतची उंची, कोपराची उंची. दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावीत, कारण मुलं वाढतात आणि जानेवारीत बेतानं बसलेली बैठक जुलैत तोकडी पडते.